ताबा मिळाला, कन्व्हेयन्स बाकी

२०१८ च्या ऑगस्टमध्ये देशभरातल्या असंख्य लोकांनी आपल्या फोनमधली नावांची यादी चाळली आणि ते चक्रावले. यादीत आधार प्राधिकरणाचा मदत क्रमांक होता आणि तो त्यांनी स्वतः कधीच साठवला नव्हता. सरकार आपल्या फोनमध्ये शिरलं, अशी ओरड झाली. आम्ही कोणालाही असं करायला सांगितलेलं नाही, असं प्राधिकरणाने जाहीर केलं. मग गूगलने खुलासा केला. भारतात विकायच्या फोनांसाठी २०१४ मध्ये कंपन्यांना जी अँड्रॉइड प्रणाली दिली होती, तिच्या सुरुवातीच्या मांडणीत तेव्हाचा आधारचा मदत क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक नजरचुकीने घातला गेला होता, आणि तो तसाच राहिला. लोकांनी फोन बदलले, जुनी नावं नव्या फोनवर उतरवली, तेव्हा हा क्रमांकही त्यांच्याबरोबर नव्या फोनमध्ये गेला.

त्या नोंदीमुळे कोणाचं काही चोरीला गेलं नाही. तरी ही घटना मला विसरता येत नाही. फोन आपल्या हातात येण्याआधी त्यात कोणी काय ठेवलं, हे चार वर्षं कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. तो फोन मोडीत काढला, तरी ठेवलेली वस्तू मागोमाग आली.

मुंबई-पुण्यात फ्लॅट घेतलेल्यांना हे पटकन समजेल. पैसे पूर्ण भरले, चाव्या मिळाल्या, वास्तुशांत झाली, सोसायटीही नोंदली गेली. मग पंधरा-वीस वर्षांनी पुनर्विकासाचा विषय निघतो आणि कळतं, की इमारतीखालची जमीन कागदावर अजून बिल्डरच्याच नावावर आहे, कन्व्हेयन्स झालेलंच नाही. हा प्रकार इतका सर्रास, की कायद्यात ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवायही जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याची, सोय करावी लागली. राहतो आपण, रंग आपण काढतो, मेंटेनन्स आपण भरतो, पण मोठं काही करायचं म्हटलं की सही दुसऱ्याची लागते. स्मार्टफोनचंही तसंच आहे. काच, धातू आणि बॅटरी तुम्ही विकत घेतलीत. आत चालणारं सॉफ्टवेअर मात्र कंपनीने तुम्हाला अटींवर वापरायला दिलेलं आहे.

सही कुठे लागते

ही सही अगदी खरोखरीची असते. फोनचं बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंतच्या काही सेकंदांत आत एक तपासणी चालते. चिपमध्ये कारखान्यातच कंपनीच्या डिजिटल सहीचा नमुना कायमचा कोरलेला असतो, बँकेत आपल्या सहीचा नमुना ठेवलेला असतो तसा. फोन चालू होताना आधी बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्यावरची सही नमुन्याशी जुळते का, हे चिप पाहते. जुळली, तर बूटलोडर पुढच्या भागाची सही तपासतो, तो भाग त्याच्या पुढच्याची. अशी साखळी पूर्ण झाली की मगच तुमचा वॉलपेपर दिसतो. मधे कुठे सही जुळली नाही, तर फोन अडतो.

या व्यवस्थेचा फायदा मोठा आहे, हे आधी सांगायला हवं. तुमचा फोन तासभर कोणाच्या हाती लागला, तरी त्याला आतली प्रणाली बदलून हेरगिरीचं सॉफ्टवेअर सहजासहजी घुसवता येत नाही. भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सगळे आज फोनवरून पैसे घेतात, त्यात या साखळीचा वाटा आहे. घराला कुलूप हवंच. पण या कुलपाची किल्ली घर विकत घेणाऱ्याला मिळत नाही आणि त्याने मागितली तरी बहुतेक वेळा दिली जात नाही.

ॲपलने ती सोय कधीच दिली नाही. अँड्रॉइडवर काही कंपन्या बूटलोडर उघडू देतात, म्हणजे सहीची अट काढून हवी ती प्रणाली बसवू देतात, पण ती वाटही आखडत चालली आहे. हुआवेने २०१८ मध्ये उघडण्याचे संकेतांक देणं थांबवलं. शाओमी अर्ज घेते आणि अनेक दिवस थांबायला लावते. उघडलाच, तर फोनमधला सगळा मजकूर पुसला जातो. त्यानंतर अनेक बँकांची ॲप्स चालायला नकार देतात, कारण हा फोन मूळ स्थितीत आहे का, हे ती गूगलच्या एका तपासणीतून विचारून घेतात आणि उत्तर ‘नाही’ असं येतं. म्हणजे मालकी हवी असेल तर पैसे पाठवण्याची सोय सोडा, असा हा व्यवहार. भारतासारख्या देशात, जिथे चहाचे दहा रुपयेही स्कॅन करून दिले जातात, तिथे हा पर्याय कागदापुरताच उरतो.

ही किल्ली किती मोलाची आहे हे २०१६ मध्ये अमेरिकेत दिसलं. सॅन बर्नार्डिनोच्या गोळीबारातल्या हल्लेखोराचा आयफोन एफबीआयच्या ताब्यात होता, पण पासकोड माहीत नव्हता. चुकीचे आकडे कितीही वेळा टाकून पाहता येतील अशी प्रणाली ॲपलने त्या फोनसाठी बनवून द्यावी, असा आदेश एफबीआयने न्यायालयाकडून मिळवला. एफबीआयकडे तंत्रज्ञ नव्हते असं नाही. पण त्यांनी स्वतः अशी प्रणाली लिहिली असती, तरी ॲपलच्या सहीशिवाय तो फोन ती चालवणार नव्हता. ॲपलने नकार दिला आणि शेवटी एफबीआयने बाहेरच्यांच्या मदतीने दुसऱ्या मार्गाने फोन उघडला. त्या वेळी ॲपल ग्राहकाच्या बाजूने उभी राहिली आणि मला ते योग्यच वाटतं. पण उभं राहायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे होता, फोन घेणाऱ्या कोणाकडेच नव्हता.

आधीपासून मुक्कामाला असलेले

गेल्या दिवाळीत माझ्या आत्याने साडेनऊ हजारांचा फोन घेतला. कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण त्या किमतीच्या बऱ्याच फोनांची गत तीच आहे. पंधरा दिवसांनी ती फोन घेऊन आली. “अगं, मी नुसतं घड्याळ बघायला बटण दाबते, तर दर वेळी नवी बातमी, नवा फोटो. बोट लागलं की दुकानच उघडतं. आणि हे पत्त्यांचे खेळ मी कधी घेतले?” तिने घेतले नव्हतेच. काही ॲप्स मी काढायला गेले, तर ‘काढून टाका’ असा पर्यायच नव्हता.

याचं कारण फोनच्या साठवणीच्या रचनेत आहे. तिचे साधारण दोन भाग धरा. एकात तुमचे फोटो, तुमची ॲप्स, तुमचा मजकूर. दुसरा भाग प्रणालीचा. तो फक्त वाचता येतो, त्यात लिहिण्याचा किंवा पुसण्याचा हक्क कंपनीच्या सहीच्या अपडेटलाच. कंपनी स्वतःची आणि करार केलेल्यांची काही ॲप्स या दुसऱ्या भागात बसवून देते. तुम्ही ती फार तर बंद करून ठेवू शकता. काहींना तेही बटण नसतं.

परवानग्यांचा मुद्दा तर याहून गंभीर आहे. तुम्ही एखादं ॲप स्वतः घेतलं, की ते विचारतं: कॅमेरा वापरू का, ठिकाण पाहू का, संपर्क वाचू का? आपण समजतो, की फोनमधल्या सगळ्यांनाच ही परवानगी मागावी लागते. प्रणालीच्या भागात बसलेल्या ॲप्सना मात्र अनेक परवानग्या कारखान्यातच दिलेल्या असतात, आणि काही तर अशा, ज्या बाहेरून आलेल्या ॲपला मिळूच शकत नाहीत. दारावरचा रखवालदार पाहुण्यांची वही भरून घेतो, पण आत आधीच मुक्कामाला असलेल्यांची नावं त्या वहीत नसतात.

२०१९ मध्ये स्पेन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २१४ ब्रँडच्या १,७०० हून अधिक प्रकारच्या अँड्रॉइड फोनांमधली ८२,००० हून अधिक आधीच बसवलेली ॲप्स गोळा करून तपासली. जाहिरात करणाऱ्या आणि मागोवा घेणाऱ्या कंपन्यांच्या कोडचे तुकडे त्यांना जागोजागी आढळले. कोणत्या फोनमध्ये काय बसवलं आणि कोणाच्या सांगण्यावरून, याचा पत्ता लावणं कित्येकदा अशक्य होतं, कारण सह्या करणाऱ्यांनी स्वतःची ओळखही नीट लिहिलेली नव्हती.

हे का होतं, याचं उत्तर किमतीत आहे. हार्डवेअरवरचा निव्वळ नफा पाच टक्क्यांच्या वर जाऊ देणार नाही, असं शाओमीने २०१८ मध्ये जाहीर केलं होतं. फोन स्वस्त मिळाला म्हणून आपण खूश होतो, आणि तो खरोखर स्वस्त असतोही. उरलेली कमाई जाहिराती, इंटरनेट सेवा आणि आधी बसवलेली ॲप्स यांतून होते. ज्याच्याकडे ऐंशी हजार आहेत त्याला निदान कमी जाहिरातींचा फोन निवडता येतो, आणि ज्याने हप्त्याहप्त्याने दहा हजार जमवले, त्याच्या पडद्यावर सगळ्यांत जास्त गर्दी. मला या सगळ्यात सर्वाधिक टोचतं ते हेच.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. प्ले स्टोअर हवं असेल, तर गूगलच्या ॲप्सचा आख्खा गठ्ठा फोनमध्ये घालायलाच हवा, ही कंपन्यांवरची अट आयोगाला बेकायदा वाटली. गूगलने ही ॲप्स ग्राहकाला काढून टाकू द्यावीत, असंही आयोग म्हणाला होता. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण काढून टाकू देण्याचा तो आदेश रद्द केला. ज्यात सामान्य माणसाचा थेट फायदा होता, तेवढंच गळालं.

रात्रीतून बदलणारी वस्तू

मिक्सर घेतला की तो पाच वर्षांनीही तोच मिक्सर असतो. फोन तसा नसतो, अपडेट आलं की तो बदलतो. यात भलं किती आणि बुरं किती, हे एकेक प्रसंग पाहून ठरवावं लागतं.

२०१६ मध्ये सॅमसंगचे नोट ७ हे फोन पेट घेऊ लागले. कंपनीने ते परत मागवले, तरी काही लोक देईनात. अखेर त्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या उरलेल्या फोनांवर असं अपडेट सोडलं गेलं, की ते चार्जच होणार नाहीत. लोकांच्या खिशातली आग विझवण्यासाठी ते केलं गेलं आणि ते समर्थनीय होतं. पण विकलेली वस्तू दूर बसून निर्जीव करता येते, हेही त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

ॲपलचं प्रकरण वेगळं. जुन्या बॅटऱ्या दमल्या, की आयफोन अचानक बंद पडत. २०१७ च्या सुरुवातीच्या एका अपडेटने अशा फोनांचा वेग गुपचूप उतरवला, म्हणजे बॅटरीवर ताण येऊ नये. लोकांना वाटलं, फोनच म्हातारा झाला, आणि किती जणांनी त्यामुळे नवा घेतला असेल कोण जाणे. वर्षअखेरीस काही जाणकारांनी वेग मोजून पाहिले, तेव्हा कंपनीला कबूल करावं लागलं. तिने माफी मागितली आणि अमेरिकेत ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला बदलून दिली. फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोंचा दंडही झाला, आणि तोही ग्राहकांना नीट कळवलं नाही म्हणून. बॅटरी बदलली की फोन पूर्ववत पळतो, हे एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर कितीतरी फोन वाचले असते.

जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ४ए या जुन्या फोनांवर आपोआप बसणारं अपडेट पाठवलं. त्यानंतर त्यांतल्या कित्येक फोनांची बॅटरी पूर्वीपेक्षा फारच कमी वेळ टिकू लागली. भरपाईचे पर्याय दिले गेले, पण आधीच्या आवृत्तीवर परत जायची वाट मात्र गूगलने काढून घेतली.

एवढं वाचून अपडेट बंद करू नका, ही कळकळीची विनंती. चोरांना सापडलेली भोकं बुजवली जातात ती अपडेटमधूनच, आणि अपडेट न मिळणारा फोन बँकेच्या व्यवहाराला धोक्याचा. आपली खरी अडचण हीच आहे. सुरक्षेची दुरुस्ती आणि कंपनीच्या मर्जीचा बदल एकाच पुडीत येतात, आणि पुडी घ्यायची तर पूर्ण घ्यावी लागते.

माहिती कुठे जाते

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले प्राध्यापक डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये एक साधा प्रयोग केला. एक अँड्रॉइड फोन आणि एक आयफोन नुसते टेबलावर ठेवले आणि त्यातून बाहेर काय जातं ते मोजलं. दोन्ही फोन सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपापल्या कंपनीशी बोलत होते. माहिती पाठवू नका, असं सेटिंग केल्यावरही. त्याच वर्षी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर युरोपात विकले जाणारे इतर कंपन्यांचे फोन तपासले. त्यांतला शाओमीचा फोन तुम्ही कोणत्या ॲपचा कोणता पडदा किती वेळ पाहिला, हेसुद्धा कंपनीला कळवत होता.

सेटिंग म्हणजे तरी काय? गूगलच्या खात्यात ‘लोकेशन हिस्टरी’ बंद केली, की आपलं ठिकाण साठवलं जाणार नाही, असं लोक समजत होते. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं, की ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’ नावाचं दुसरंच एक बटण चालू असेल तर ठिकाणाच्या नोंदी होतच राहतात. अमेरिकेतल्या ४० राज्यांनी चौकशी केली आणि २०२२ मध्ये गूगलने ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं.

इथे एक गल्लत नेहमी होते. खासगीपणा आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयफोनने २०२१ पासून इतर ॲप्सना मागोवा घेण्याआधी विचारायला लावलं आणि जाहिरात कंपन्यांना त्याचा चांगलाच चटका बसला. परक्यांपासून राखण करण्यात आयफोन पुढे आहे. त्याच आयफोनवर मालकाचा ताबा सर्वांत कमी आहे. राखणदार चांगला आहे, पण त्याला पगार कोण देतं आणि तो आदेश कोणाचे ऐकतो, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आणि आदेश येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारच्या मागणीनंतर ॲपलने तिथल्या ग्राहकांसाठी क्लाउडवरच्या मजकुराचं सर्वांत कडक संरक्षण काढून घेतलं. आपल्याकडे २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं, की नव्या फोनांत ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच बसवा, आणि दुकानांपर्यंत पोहोचलेल्या फोनांवर अपडेटमधून पाठवा. चोरीचा फोन शोधायला ते ॲप उपयोगी आहे, मीही सुचवते लोकांना. पण ते स्वतः घेणं वेगळं आणि न विचारता घरात येणं वेगळं. मोठा गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली गेली. सरकारला कोट्यवधी लोकांकडे जावं लागलं नसतं, मूठभर कंपन्यांना पत्र पाठवणं पुरेसं होतं. किल्ल्या एका ठिकाणी टांगलेल्या असल्या, की मागणाराही तिथेच येतो.

हप्त्यावर घेतलेल्या फोनांत तर कुलूप उघड उघड असतं. दुकानात फोन सुरू करतानाच त्यात एक ॲप बसवता येतं, जे फोन पूर्ण पुसला तरी जात नाही आणि हप्ता थकला की फोन बंद करू शकतं. कर्ज देणाऱ्याची बाजू समजते. पण रिक्षावाल्याचा फोन बंद झाला की त्याची कमाईही बंद होते, मग तो हप्ता कुठून भरणार?

दुरुस्तीचं थोडक्यात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत कोणत्याही कारागिराला विचारा. एका आयफोनचा अस्सल पडदा दुसऱ्या आयफोनला लावला, तरी काही सोयी बंद पडत आणि ‘हा भाग ओळखता येत नाही’ असा इशारा येई, कारण सुट्या भागांचीही फोनशी जोडी कारखान्यात लावलेली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून नव्या फोनांत अशी अडवणूक करायला मनाई केली. त्यानंतर ॲपलनेही थोडी ढील दिली आहे.

कायदा कुठवर आलाय? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायची आहेत. हा कायदा बोलतो तो माहितीबद्दल. फोनवर अंतिम शब्द कोणाचा, याबद्दल तो बोलत नाही. युरोपने २० जून २०२५ पासून निदान एवढं केलं, की फोनची विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षं अपडेट द्यावीत आणि सुटे भाग सात वर्षं मिळावेत.

एका रविवारी आत्याचा फोन घेऊन बसले. गूगलच्या सेटिंगमधून जाहिरात आयडी, म्हणजे जाहिरातवाले ज्यावरून फोन ओळखतात तो क्रमांक, पुसून टाकला. ठिकाणाच्या नोंदीची दोन्ही बटणं बंद केली आणि जुन्या नोंदी तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जातील असं केलं. पडद्यावरच्या बातम्या बंद करायचं बटण सेटिंगमध्ये चार पानं आत होतं. अकरा ॲप्स काढता आली, चार नुसती बंद करता आली. तीन ॲप्सना दोन्ही पर्याय नव्हते. त्यातलं एक काय करतं, हे त्याच्या नावावरून मलाही कळलं नाही. आत्याने विचारलं, “मग हे कोणाचं?”

मागच्या महिन्यात अपडेट आलं, आणि बंद केलेल्या चारांतलं एक पुन्हा चालू झालेलं दिसलं. ते मी परत बंद केलंय.